कागद आधी, मजकूर नंतर: बैठ्या खेळांची जुनी हस्तलिखितं आणि कच्चे नमुने जमवू पाहणाऱ्यांसाठी

माझी पहिली मोठी खरेदी घरी आली. मी ती फोल्डरमध्ये सरकवली, तर कागदांची वरची कड जवळजवळ दोन सेंटीमीटर बाहेर डोकावत राहिली. खालून ठोकून पाहिलं, कागद सरळ करून पाहिले, तरी तेच. फोल्डर अमेरिकेहून आणलेलं, तिथल्या लेटर मापाचं. कागदही अमेरिकेतलाच असायला हवा होता, कारण विकणाऱ्यानं ‘१९७३ ची चाचणी-प्रत, लेक जिनिव्हा, विस्कॉन्सिन’ असं सांगून मला १४ सुट्या पानांचा गठ्ठा दिला होता. शेवटी पट्टी लावली. २९७ मिलिमीटर. म्हणजे ए-फोर. १९७३ साली विस्कॉन्सिनमधल्या कुणी टाइपरायटरमध्ये ए-फोर कागद घातला असेल, असं स्वतःला पटवायचा त्या रात्री मी अर्धा तास मनापासून प्रयत्न केला.

मग भिंग घेऊन डावा वरचा कोपरा पाहिला. तिथे स्टेपलच्या पिनेची करडी सावली होती आणि तिच्या दोन्ही टोकांना काळे ठिपके. बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत. भोकं नव्हतीच, भोकांचं चित्र होतं. कुणीतरी कधीतरी मूळ प्रतीची पिन काढून झेरॉक्स मारली होती, आणि तो झेरॉक्स माझ्या दीड महिन्याच्या पगाराला पडला होता. विक्रेत्यानं दोन ईमेलना गोड उत्तरं दिली, तिसऱ्याला दिलंच नाही.

तेव्हापासून एक सवय लागली. हातात आलेला कागद मी आधी वाचत नाही. तो कसा उमटला, कुठून आला, हे बघून होईपर्यंत मजकुराकडे पाहायचंच नाही. खाली जे सांगतोय ते या सवयीचंच तपशीलवार रूप आहे.

आधी ठरवा, नेमकं काय जमवायचंय

‘जुने खेळ’ हा फार मोठा समुद्र आहे. एका टोकाला प्रशियाच्या सैन्यातला क्रीगश्पील, म्हणजे युद्धाचा सराव करायचा खेळ आहे. राइसविट्झ नावाच्या थोरल्यानं तो राजाला १८१२ च्या सुमारास कपाटासारख्या टेबलावर मांडून दाखवला आणि त्याच्या मुलानं १८२४ मध्ये नियम छापले. मोनोपॉलीचं घराणंही मोठं आहे. लिझी मॅगीनं ‘लँडलॉर्ड्‌स गेम’चं पेटंट १९०४ मध्ये मिळवलं, आणि चार्ल्स डॅरोनं १९३३ च्या सुमारास गोल मेणकापडावर हातानं रंगवलेला पट आज रॉचेस्टरच्या ‘द स्ट्राँग’ या खेळांच्या संग्रहालयात आहे. ॲलन कॅलहॅमरनं १९५९ मध्ये ‘डिप्लोमसी’च्या ५०० प्रती स्वतःच्या खर्चानं काढल्या, त्यांचा शोध घेणारे वेगळेच.

मी या लेखापुरता एकच कोपरा धरतो: अमेरिकेच्या मिडवेस्टमधली साधारण १९६९ ते १९७७ ही वर्षं. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याच्यासोबत भूमिका घेऊन खेळायच्या खेळांचा सगळा प्रकार याच काळात जन्मला. मला हाच कोपरा नीट माहीत आहे. शिवाय इथला माल हौशी माणसांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, शाळा-कॉलेजच्या छपाईयंत्रांवर बनवलेला आहे, म्हणून तो ओळखायला शिकता येतो.

‘हस्तलिखित’ हा शब्द इथे सैल अर्थानं घ्या. बहुतेक माल टंकलिखित आहे, हातानं असतात त्या समासातल्या दुरुस्त्या आणि नकाशे. ‘कच्चा नमुना’ म्हणजे छापण्याआधी खेळून पाहण्यासाठी बनवलेला पट, पत्ते, सोंगट्या. पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद, स्केचपेननं रंगवलेल्या चौकटी, दुसऱ्याच खेळातून उचललेले मोहरे. दिसायला सातवीतल्या मुलाच्या प्रोजेक्टसारखा. तुम्ही शेजारच्या काकूंना दाखवलात तर त्या विचारतील, हे टाकून द्यायचंय का?

कालक्रम तोंडपाठ हवा

कंटाळवाणं आहे, पण याशिवाय बाजारात उतरू नका. ठळक खुणा अशा.

मिनेसोटातल्या ट्विन सिटीजमध्ये १९६९ च्या सुमारास डेव्हिड वेस्लीनं ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा खेळ मांडला. त्यात प्रत्येक खेळाडूला फौजेऐवजी एक माणूस मिळाला. या खेळाचे नियम त्या वेळी छापून निघालेच नाहीत, म्हणून ‘१९६९ चं ब्राउनस्टाइनचं छापील नियमपुस्तक’ कुणी विकायला काढलं तर नमस्कार करून पुढे व्हा. त्याच मंडळातल्या डेव्ह अर्नेसननं १९७१ मध्ये ‘ब्लॅकमूर’ हा काल्पनिक जगातला खेळ सुरू केला. तो ‘कॉर्नर ऑफ द टेबल’ नावाचं पत्रक काढायचा, आणि एप्रिल १९७१ च्या अंकातली मध्ययुगीन ब्राउनस्टाइनची छोटीशी घोषणा हा आज या क्षेत्रातला मोठा पुरावा मानला जातो. त्याच वर्षी गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ या मध्ययुगीन लढायांच्या खेळाचे नियम गायडन गेम्स या प्रकाशकानं छापले. १९७२ च्या उत्तरार्धात अर्नेसननं लेक जिनिव्हाला जाऊन गायगॅक्सला ब्लॅकमूर खेळवून दाखवला. गायगॅक्सनं १९७३ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे टंकलिखित खर्डे करून ओळखीच्या खेळाडूंना पाठवले. ऑक्टोबर १९७३ मध्ये गायगॅक्स आणि डॉन के यांनी टीएसआर ही कंपनी काढली, जानेवारी १९७४ मध्ये खेळ बाजारात आला. १,००० प्रती, किंमत १० डॉलर, हातानं भरलेल्या पेट्या.

त्यापुढचं लवकर सांगतो. १९७५ मध्ये फीनिक्सच्या केन सेंट आंद्रेनं ‘टनेल्स अँड ट्रोल्स’च्या पहिल्या १०० प्रती विद्यापीठाच्या छापखान्यातून काढल्या. एम. ए. आर. बार्करनं १९७४ मध्ये ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’च्या पन्नासेक प्रती स्टेन्सिलवर काढल्या. हा बार्कर मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकवायचा, उर्दूचा जाणकार, त्यामुळे त्याच्या काल्पनिक जगातल्या लिप्या आणि शब्दांची ठेवण पाहताना आपल्याला उगाच ओळखीचं वाटत राहतं.

नकला विकत घ्या, मुद्दाम आणि भरपूर

हे नवख्यांना उलटं वाटतं. अस्सल माल घ्यायला निघालोय तर पुनर्मुद्रणावर पैसे का घालवायचे? कारण अस्सलाशी ताडून बघायला तुमच्या हाताशी काही हवं. विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट या आताच्या प्रकाशकांनी २०१३ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या मूळ पेटीची पुनर्मुद्रित आवृत्ती काढली होती. २०२४ मध्ये त्यांनीच या खेळाच्या घडणीवर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात या खेळांचा इतिहासकार जॉन पीटरसननं जमवलेली कागदपत्रं आहेत आणि गायगॅक्सचा १९७३ चा खर्डा प्रतिमारूपात छापलाय. आधी तो घ्या. त्या खर्ड्यातलं टंकन, समास, खाडाखोड डोळ्यांखालून इतक्यांदा जाऊ द्या की दुसऱ्या कुणाचा कागद समोर आला की काहीतरी खटकायला हवं. सराफाकडचा पोरगा आधी वर्षभर नुसतं सोनं हाताळतो, तसं.

खर्डा वाचल्यावर आणखी एक हत्यार मिळतं. ‘डलून हस्तलिखित’ म्हणून ओळखला जाणारा एक टंकलिखित गठ्ठा आहे. त्यावर जाणकारांचा वर्षानुवर्षं काथ्याकूट चालला: ही छापण्याआधीची प्रत, की छापील पुस्तकावरून नंतर कुणी केलेली नक्कल? अशा वेळी बघायचं काय, तर मजकुराला किती ‘माहीत’ आहे ते. नंतर नक्कल करणाऱ्याला छापील पुस्तकातल्या सुधारणा ठाऊक असतात आणि त्या नकळत आत शिरतात. खर्ड्यात असलेला, पण छापताना गळालेला नियम त्याला ठाऊक नसतो. आपल्याकडे पोथ्यांच्या पाठभेदांवर काम करणारे पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींचा अभ्यास केलेल्या कुणाला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

कागदावर अक्षर कसं उमटलंय ते ओळखा

इथे थोडं रेंगाळतो, कारण निम्मी फसवणूक इथेच पकडली जाते. साधनं फार लागत नाहीत. दहापट भिंग, स्टीलची पट्टी, बाजूनं प्रकाश पाडायला छोटी टॉर्च, आणि स्वच्छ धुतलेले कोरडे हात. सुती हातमोजे घालू नका. जुना कागद त्यांच्या धाग्यात अडकून फाटतो आणि बोटाला स्पर्श कळत नाही.

मूळ टंकलेखन. पान उलटं करून पाठीवरून हलकं बोट फिरवा. अक्षरांचे उंचवटे लागतात. पूर्णविराम तर कधीकधी आरपार गेलेले असतात. दिव्यासमोर धरलं की टाचणीनं टोचल्यासारखे बारीक उजेड दिसतात. काही अक्षरं इतरांपेक्षा सतत थोडी वर किंवा तिरकी बसलेली असतात, तो त्या एका यंत्राचा अंगठ्याचा ठसाच.

कार्बन प्रत. कागद बहुधा पातळ, सळसळणारा. अक्षरं मऊ, कडा पुसट, बोट घासलं तर मळ येतो. तेव्हा स्वतःजवळ ठेवायची प्रत कार्बनचीच असायची, त्यामुळे ‘कार्बन आहे, म्हणजे दुय्यम’ असं समजून हातची सोडू नका. खर्डा पाठवणाऱ्याच्या घरातून आलेली कार्बन प्रत ही खरं तर त्याची स्वतःची प्रत असते.

सायक्लोस्टाइल. यासाठी मला कुठे शिकायला जावं लागलं नाही. बाबा सातारा जिल्ह्यात शिक्षक होते, सहामाहीच्या आधी आमच्या ओसरीवर प्रश्नपत्रिकांचे स्टेन्सिल कापले जायचे. चूक झाली की नेलपॉलिशसारखं लालसर द्रव लावून फुंकर मारायची, वाळलं की त्यावर पुन्हा टाइप करायचं. तो वास अजून नाकात आहे. अमेरिकेतले त्या काळचे हौशी अंकही याच तंत्रावर निघायचे. लॉस एंजेलिसहून जून १९७५ पासून निघू लागलेला ‘अलारम्स अँड एक्स्कर्जन्स’ त्यातला प्रसिद्ध. ओळखायच्या खुणा: कागद टीपकागदासारखा शोषून घेणारा, शाई कागदात मुरलेली, चमक अजिबात नाही. ‘ओ’ अक्षराचं पोट बऱ्याचदा काळं भरलेलं, कारण स्टेन्सिलचा तो गोल तुकडाच गळून पडायचा. मागच्या पानाची शाई पुढच्या पानाच्या पाठीला किंचित लागलेली. चित्रांच्या रेघा थरथरत्या, कारण त्या टोकदार लेखणीनं मेणावर ओरखडून काढलेल्या.

स्पिरिट डुप्लिकेटर. आपल्याकडे कमी, अमेरिकन शाळांत घरोघरी असल्यासारखा. जांभळी अक्षरं. ही शाई उजेडात उडते. जांभळा कागद विकत घेतलात तर त्याला भिंतीवर फ्रेममध्ये लावण्याचा मोह टाळा. काही वर्षांनी फ्रेममध्ये कोरा कागद उरेल. एका मूळ प्रतीवरून जेमतेम शंभरेक चांगल्या प्रती निघायच्या, म्हणून असे कागद मुळातच थोडे.

झेरॉक्स. टोनर कागदावर बसलेला असतो, आत मुरलेला नसतो. टॉर्च अगदी आडवी धरा, अक्षरं चमकतात. भिंगाखाली अक्षराभोवती काळी पूड उडालेली दिसते. आणि माझ्या त्या कोपऱ्यासारख्या सावल्या: पिनेची, पंचच्या भोकांची, कागदाच्या घडीची, मूळ पानाच्या कडेची. सावली आहे आणि प्रत्यक्ष खूण नाही, हा निकाल झाला. मात्र सगळा झेरॉक्स रद्दी नव्हे. १९७३ मध्येही झेरॉक्स यंत्रं होतीच, आणि त्या काळात काढलेल्या, मूळ खेळाडूच्या घरातून आलेल्या प्रतीला किंमत आहे. पण ती किंमत त्या घरामुळे, आणि ते घर सिद्ध करावं लागतं.

माप. अमेरिकन लेटर कागद २१६ बाय २७९ मिलिमीटर, ए-फोर २१० बाय २९७. १९७४ च्या पेटीतल्या तीन पुस्तिका लेटर कागद मधोमध दुमडून केलेल्या आहेत. विकणाऱ्याला पट्टी शेजारी ठेवून फोटो पाठवायला सांगा. फुकटची तपासणी आहे. मी तेवढीच केली असती तरी वाचलो असतो.

आता एक गैरसमज. अतिनील टॉर्चखाली कागद निळसर चमकला की नकली, असं नवख्यांना छातीठोक सांगितलं जातं. ते दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कागदाला लागू पडतं. कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची चमकणारी रसायनं १९५० च्या दशकापासून वापरात आहेत, त्यामुळे १९७३ चा अस्सल कागद खुशाल चमकू शकतो. ती टॉर्च दुसऱ्या कामाची आहे. एकाच पुस्तिकेतली चार पानं मंद आणि मधलं एक लख्ख चमकत असेल, तर ते पान नंतर घातलंय.

छापील पेटी घेताना

खर्डे क्वचित हाती लागतात. पेट्या दर महिन्याला विक्रीला येतात. पहिल्या तीन छपायांच्या पेटीवर लाकडाच्या नक्षीचा तपकिरी कागद आहे, चौथीपासून पांढरी पेटी. आत ‘मेन अँड मॅजिक’, ‘मॉन्स्टर्स अँड ट्रेझर’, ‘अंडरवर्ल्ड अँड विल्डरनेस ॲडव्हेंचर्स’ या तीन पुस्तिका आणि सुटे तक्ते. प्रस्तावनेखाली १ नोव्हेंबर १९७३ ही तारीख आहे आणि ती नंतरच्या छपायांतही तशीच राहिली. ही तारीख दाखवून ‘पहिली छपाई’ म्हणून विकणारे आहेत. काही जण खरोखर अज्ञानापोटी करतात, काही नाही.

मजकुरातली सोपी खूण म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या टॉल्किनकडून उचललेले शब्द. जुन्या छपायांत हॉबिट, एंट, बॅलरॉग आहेत. हक्कधारकांनी तक्रार केल्यावर १९७७ च्या सुमारास ते गेले आणि हॉबिटचा हाफलिंग झाला. हॉबिट दिसला म्हणजे पहिली छपाई असं नव्हे, पण पेटी तपकिरी आणि आत हाफलिंग असेल तर पेटी एकाची, पुस्तिका दुसऱ्याच्या.

ही जोडाजोड सगळ्यात जास्त चालते. पुठ्ठ्याची पेटी आधी मोडते, पुस्तिका टिकतात. मग कुणाची पेटी आणि कुणाच्या पुस्तिका एकत्र येतात. प्रामाणिक विक्रेता हे सांगतो आणि कमी घेतो. पिना बघा. पिनेभोवती गंजाचा तपकिरी डाग असून पिन स्वतः चकचकीत असेल तर ती बदललेली आहे, आणि बदलली का हा पुढचा प्रश्न. प्लास्टिकमध्ये सीलबंद म्हणून जादा पैसे मोजू नका. ते प्लास्टिक चढवायचं यंत्र कुणालाही विकत मिळतं.

फाशांचंही सांगून टाकतो. टीएसआरनं सुरुवातीला विकलेले पाच फासे मऊ प्लास्टिकचे होते: चौमुखी पिवळा, सहामुखी नारिंगी, आठमुखी हिरवा, बारामुखी निळा, वीसमुखी पांढरा. वीसमुखीवर १ ते २० नाहीत, ० ते ९ दोनदा आहेत. खेळून खेळून ते इतके झिजायचे की कोपरे गोल होऊन गोटीसारखे गडगडत. धारदार कोपऱ्यांचा जुना संच दिसला तर तो खेळलाच गेला नाही किंवा जुनाच नाही.

वाट विचारा

कागद खरा ठरला तरी अर्धंच काम झालं. लेक जिनिव्हातल्या एखाद्या टेबलापासून तुमच्या ठाण्यातल्या कपाटापर्यंत तो कुठल्या कुठल्या हातांतून आला, ही साखळी तुम्ही विकत घेत असता. अर्नेसन एप्रिल २००९ मध्ये गेला, त्यानंतर त्याच्या कागदपत्रांचा मोठा साठा लिलावांतून ठिकठिकाणी पांगला. त्यातला कागद असल्याचा दावा करणारी कुठलीही वस्तू आली तर त्या लिलावाची पावती किंवा प्रमाणपत्र मागा. ‘एका जुन्या खेळाडूकडून मिळालं, नाव सांगता येत नाही’ हे उत्तर मी आता नकार म्हणूनच ऐकतो.

माझे ठरलेले प्रश्न: तुम्ही कुणाकडून आणि कोणत्या वर्षी घेतलं? त्याचं लेखी काही आहे का? मागच्या बाजूचा, कडांचा आणि पिनेचा फोटो पाठवाल का? नापसंत पडल्यास परत घ्याल का, आणि परतीचा खर्च कुणाचा? चांगला विक्रेता या प्रश्नांनी खूश होतो. चिडणारा विक्रेताही एक प्रकारे उत्तरच देत असतो.

सहीचं वेगळं. गायगॅक्सनं आयुष्यभर संमेलनांतून हजारो सह्या दिल्या, त्यामुळे खऱ्या सह्या भरपूर आहेत आणि म्हणूनच खोट्या करणंही सोपं. जुन्या पुस्तकावरची सही त्याच वर्षीची असते असं नाही. ताज्या मार्करनं केलेली सही खरी असली तरी खर्ड्याच्या वयाबद्दल ती काहीच सांगत नाही.

सुरुवात लहान मालापासून

पहिल्या वर्षी तपकिरी पेटीच्या वाटेला जाऊ नका. हातानं भरलेली जुनी पात्रपत्रकं घ्या, आलेखकागदावरचे भुयारांचे नकाशे घ्या, संमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका घ्या. गठ्ठ्यानं मिळतात, आणि पेन्सिलनं खोडून पुन्हा लिहिलेले जीवनबिंदू (‘हिट पॉइंट’, म्हणजे पात्राचं उरलेलं बळ) बघताना कुणा चौदा वर्षांच्या पोराची अख्खी दुपार हातात येते. १९८० च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्‌स’ या टीएसआरच्या देवतांवरच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती अभ्यासाला फार चांगली. १४४ पानांच्या पुस्तकातून हक्कांच्या भानगडीमुळे दोन प्रकरणं काढली आणि १२८ पानं उरली, तेव्हा पानं मोजली की आवृत्ती कळली. त्यात भारतीय देवतांचंही प्रकरण आहे, इंद्र, अग्नी, विष्णू यांना ‘हिट पॉइंट’ दिलेले. आजीला दाखवू नका.

१९८१ चं ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’ हे खेळायच्या साहसाचं पुस्तक टीएसआरनं नारिंगी मुखपृष्ठात छापलं आणि कंपनीनंच घाईघाईनं मागे घेऊन नष्ट केलं. थोड्या प्रती निसटल्या. ते नारिंगी पुस्तक दिसलं की नवख्याचे हात थरथरतात, आणि ते थरथरतात हे विकणाऱ्यालाही माहीत असतं. अशा वेळी एक रात्र जाऊ द्या.

लिलावात बोली लावताना हातोडा पडतो त्या आकड्यावर लिलावगृह स्वतःचं कमिशन चढवतं, ते वीस टक्क्यांच्या वर सहज जातं. त्यावर पाठवणी, विमा, कस्टम्स, बँकेचा विनिमय दर. मी आकडा ठरवताना एकूण खर्चापासून उलटा हिशेब करत येतो. प्रत्यक्ष जाणं जमणार असेल तर दर मार्चमध्ये लेक जिनिव्हातच भरणारं गॅरी कॉन हे खेळाडूंचं संमेलन गाठा. गायगॅक्स २००८ मध्ये गेल्यानंतर ते सुरू झालं, आणि तिथे त्या पहिल्या टेबलांवर बसलेली म्हातारी माणसं अजून गप्पा मारायला भेटतात.

मागवणं

पाकिटावर ‘गेम’ किंवा ‘टॉय’ लिहू नका, कारण वस्तू जुनी छापील पुस्तिका किंवा टंकलिखित कागद आहे आणि तसंच लिहिणं खरं आहे. २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणचिन्ह सक्तीचं आहे, शिवाय खेळण्यांवरचं आयातशुल्क जबर आहे. १९७४ च्या पुस्तिकेवर आयएसआयची खूण शोधणाऱ्या अधिकाऱ्याशी मी एकदा फोनवर बोललोय. बिचारा नियमानंच वागत होता. किंमत मात्र कमी लिहायला सांगू नका. गहाळ झालं तर विमा लिहिलेल्या किमतीचाच मिळतो.

एडिसनला किंवा बे एरियात मावसभाऊ असेल तर त्याच्या पत्त्यावर मागवून, माल खरा निघाला तरच पुढे आणणं सोयीचं. परत पाठवायची वेळ आली तर देशातल्या देशात जाते. कागद गुंडाळी करून पाठवू द्यायचा नाही. दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट, बाहेर प्लास्टिक. आणि शक्यतो जून ते सप्टेंबर सोडून.

घरात आल्यावर

कोकणपट्टीत आणि मुंबई-ठाण्यात कागदाचे शत्रू दोन, दमट हवा आणि कसर. मी दोन रुपयांची नाणी ठेवायच्या प्लास्टिकच्या पाकिटांसारखी स्वस्त पाकिटं सुरुवातीला वापरली. एका पावसाळ्यात ती कागदाला चिकटली. पीव्हीसी नको. पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं, आम्लमुक्त फोल्डर, आणि ते सगळं बंद होणाऱ्या पेटीत. पेटीत आर्द्रतामापक ठेवा, तीनेकशे रुपयांत मिळतो. काटा पन्नासच्या आसपास राहिला की बरं, साठच्या वर जाऊन बसला की सिलिका जेल बदला. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. त्या भिंतीला ओल असतेच.

डांबरगोळ्या कागदाजवळ नको. सेलोटेप कधीच नको. लॅमिनेशनचं तर नावही काढू नका. एका संग्राहकानं मोठ्या प्रेमानं लॅमिनेट केलेला हाती काढलेला नकाशा मी पाहिलाय. तो आता जेवणाच्या टेबलावरचं मॅट म्हणूनच उपयोगी आहे. जुने लोक पोथ्या बासनात घट्ट बांधून ठेवायचे त्यात शहाणपण होतं: उजेड नाही, धूळ नाही, कागदावर सारखा दाब. सुती, न रंगवलेलं, धुऊन खळ काढलेलं कापड असेल तर फोल्डरच्या बाहेरून आजही चालतं.

कागद तुमचा झाला तरी त्यावरच्या मजकुराचा हक्क तुमचा होत नाही. स्कॅन करून स्वतःजवळ ठेवा, अभ्यासकाला दाखवा, पण सरसकट वाटू नका. खासगी पत्रांचं तर आणखी जपून. लिहिणाऱ्याचे वारस असतात.

आणि हे वाचून कुणाला आपल्याकडचा जुना मोक्षपट किंवा सावंतवाडीच्या गंजिफा आठवल्या असतील, तर तिथे खेळाचे नियमच वेगळे आहेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित आणि १०० वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरू शकते, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वाड्यातून निघालेला पट घेण्याआधी त्याची नोंदणी आहे का ते विचारा.

शेवटचं काम वही. प्रत्येक वस्तूला क्रमांक, कुणाकडून, कधी, किती पैसे, मापं, छपाईचा प्रकार, विक्रेत्याच्या संदेशांच्या छापील प्रती. कागदावर काही लिहायचं झालं तर फक्त मऊ पेन्सिलनं, पाठीमागे, खालच्या कोपऱ्यात. माझी १४ पानं अजून माझ्याकडेच आहेत, त्याच अमेरिकन फोल्डरमध्ये, वरून दोन सेंटीमीटर डोकावत. प्रत्येक पानामागे लिहून ठेवलंय: ‘झेरॉक्स, ए-फोर, मूळ प्रत कुठे आहे माहीत नाही.’ माझ्यामागे मुलगी हे कपाट विकायला काढेल तेव्हा घेणाऱ्यानं आधी पान उलटून बघावं.